पोटातलं पाणी

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

प्रवास सुखाचा झाला की आपण म्हणतो, 'पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही.' आज मी ज्या पोटाविषयी बोलणार आहे, त्यातलं पाणी बरीच वर्षं हललं नव्हतं आणि तेच आमच्या जिवावर बेतणार होतं. आमच्याच नव्हे, रस्त्यावरच्या कुणा परक्याच्याही. हे पोट माणसाचं नव्हे, एका ट्रेलरचं.

नोकरीनिमित्त मी वीस-बावीस वर्षं अमेरिकेत मिशिगन राज्यात होतो. तिथे मोटारीच्या मागे जोडून न्यायची घरं असतात. त्यांना कॅम्पर ट्रेलर म्हणतात. आत दोन-तीन पलंग, गॅसची शेगडी, लहानशी न्हाणी, संडास, पाण्याची टाकी असं सगळं असतं. उन्हाळ्यात लोक हे घर गाडीला जोडतात आणि एखाद्या तळ्याकाठी, जंगलात नेऊन उभं करतात. शेजारच्या इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव तर या ट्रेलरांचं माहेरच आहे. तिथे या घरांचे कारखाने आहेत आणि त्यांच्या इतिहासाचं एक संग्रहालयही आहे.

या घराला जमिनीकडून आणखी एक अंग असतं, ते कुणी बघत नाही. पोलादी सांगाडा, त्यावर प्लायवूडची जमीन, जमिनीखाली थंडी अडवणारं ग्लासवूल, पाण्याचे पाइप, टाक्या, विजेच्या तारा, गॅसची नळी. हे सगळं उघडं राहू नये म्हणून खालून एक आवरण लावतात. रस्त्यावरची खडी उडून पाइपला लागू नये, वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा, धूळ आणि उंदीर आत शिरू नयेत आणि कडाक्याच्या थंडीत टाकीतलं पाणी गोठू नये, हे त्याचं काम. विमानाकडून ट्रेलरनं बरंच घेतलं आहे. चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९२७ साली ज्या विमानातून अटलांटिक ओलांडला, त्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस'च्या बांधणीवर देखरेख करणाऱ्या हॉली बोलस यांनी पुढे १९३४ च्या सुमारास ॲल्युमिनियमचा नितळ ट्रेलर बांधला. आमचा ट्रेलर मात्र असा खानदानी नव्हता. त्याचं पोट काळ्या, विणलेल्या प्लॅस्टिकच्या कापडाचं होतं.

गोष्ट २०१२ सालची. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्या मे महिन्यात आमच्याकडे आले होते. देवरुखला प्राथमिक शाळेत शिक्षक होते ते. तेव्हा वय बहात्तर. आई जाऊन वर्ष झालं होतं. त्यांना कुठेतरी मोकळ्यावर फिरवून आणावं, हॉटेलात त्यांना करमत नाही, म्हणून मी एक जुना ट्रेलर विकत घेतला. चोवीस फुटी. एका वयस्कर जोडप्यानं तो विकायला काढला होता. आतून लखलखीत. पडदे धुतलेले, शेगडी घासलेली. खाली मात्र मधोमध कापड फुगून लोंबत होतं आणि त्यावर चिकटपट्ट्यांची ठिगळं होती. एकावर एक, निदान तीन थर.

माझा बेत सोपा होता. पन्हळी प्लॅस्टिकचे पत्रे आणायचे आणि जुन्या कापडावरच ठोकून द्यायचे. आपल्याकडे पाट्या छापणारे ज्याला सनपॅक म्हणतात, तसलाच हा माल. तिथे निवडणुकीत घरासमोरच्या हिरवळीवर ज्या पाट्या रोवतात, त्या याच्याच. चार बाय आठ फुटांचे सात पत्रे आणले. एका शनिवारात काम उरकेल आणि पुढच्या आठवड्यात निघू, असं मी घरात जाहीर केलं.

अण्णा काठी टेकत ट्रेलरभोवती एक फेरी मारून आले. वाकून बघितलं, काठीच्या टोकानं त्या फुगवट्याला ढोसलं आणि म्हणाले, "अरे, ह्यात पाणी आहे."

मी म्हणालो, "अण्णा, कापड जुनं झालंय, सैल पडलंय. बाकी काही नाही."

"सैल कापड हलतं. हे हलत नाही, डुचमळतंय. आधी ते सोडव. मग काय लावायचं ते लाव."

आता खरं सांगायचं तर मला राग आला. मी इंजिनिअर. तिथे इतकी वर्षं राहिलेला. आणि हे आठ दिवसांपूर्वी आलेले. मी जरा तोडूनच बोललो, "अण्णा, हे देवरुखचं घर नाही. इथलं तुम्हाला नाही कळायचं." ते काही बोलले नाहीत. आत जाऊन नातीबरोबर पत्ते खेळत बसले. पण त्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी मी एकटाच गेलो, खाली बादली ठेवली आणि पेचकसनं फुगवट्याला भोक पाडलं. काळं, कुजकट वासाचं पाणी आलं. बादली भरली. दुसरी आणली, तीही भरली.

आमच्या शेजारी एक निवृत्त ट्रक-मेकॅनिक राहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना दाखवलं. त्यांनी सर्वांत आधी माझा जॅक बाजूला केला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. चाकांना दोन्ही बाजूंनी, पुढून-मागून लाकडी ठोकळे. जमीन सपाट आणि टणक. उचलायचं ते सांगाड्याच्या मुख्य तुळईला आधार देऊन, आणि उचलल्यावर वजन पोलादी घोड्यांवर घ्यायचं. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना जे पाय असतात ते घर डुलू नये म्हणून. वजन पेलायला नव्हेत. मग बॅटरी सोडवायची, गॅसचे सिलिंडर बंद करून काढून ठेवायचे, टाक्या रिकाम्या करायच्या. संडासाची टाकी आधी रिकामी करा, हे का, ते पोटाखाली उताणं झोपल्यावर आपोआप समजतं.

दुसरा नियम मला अतिरेकी वाटला होता. कापड सोडवायला सुरुवात केली तशा ग्लासवूलमधून उंदरांच्या लेंड्या पडू लागल्या. शेजारी म्हणाले, थांब. तोंडाला चांगला मास्क, हातात रबरी मोजे. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण करून आधी सगळं भिजवायचं, पाच मिनिटं तसंच ठेवायचं आणि ओलं असतानाच पिशवीत भरायचं. झाडायचं नाही, व्हॅक्यूमनं ओढायचं नाही. धूळ उडू द्यायची नाही. मी ऐकलं, पण मनातल्या मनात हसलो.

त्याच वर्षी ऑगस्टअखेर कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाची बातमी आली. तिथे दुहेरी भिंतींच्या तंबूंमध्ये राहिलेल्या पर्यटकांना हंटाव्हायरसची लागण झाली होती. थंडी अडवण्यासाठी भिंतीत जी पोकळी ठेवली होती, तिच्यात उंदरांनी घरटी केली होती. त्या साथीत दहा जणांना आजार झाला आणि तिघे दगावले. अमेरिकेत हा फुप्फुसाचा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तो १९९३ साली, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही चार राज्यं जिथे एकत्र येतात त्या भागात. उंदरांच्या मूत्राची, लेंड्यांची धूळ श्वासातून जाऊन तो होतो. त्या दिवशी मी शेजाऱ्यांच्या दारात जाऊन त्यांचे आभार मानले. उंदराला आत शिरायला सहा-सात मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे आपल्या बोटापेक्षाही कमी. आमच्या ट्रेलरला पाइपांभोवती दोन-दोन बोटांच्या फटी होत्या.

पण खरा धक्का आणखी पुढे होता. मधला भाग मोकळा झाला तेव्हा पिण्याच्या पाण्याची टाकी दिसली. चाळीस गॅलनची, म्हणजे सुमारे दीडशे लिटरची. ती दोन पोलादी पट्ट्यांवर पेललेली असायला हवी होती. त्यातली एक पट्टी गंजून तुटली होती. दुसरीवर शेजाऱ्यांनी हातोडीचं टोक नुसतं टेकवलं, तर ते आरपार गेलं. तिथे थंडीत रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. आत अडकलेलं पाणी आणि त्या मिठाचा अंश, लोखंडाला आणखी काय लागतं? टाकी इतके दिवस खाली आली नव्हती ती रिकामी होती म्हणून, आणि खालच्या त्या लोंबत्या कापडानं थोडाफार आधार दिला होता म्हणून.

श्रोतेहो, माझा बेत आठवा. मी त्या कापडावर नवे पत्रे ठोकणार होतो. पोट वरून छान, सपाट दिसलं असतं. निघण्याआधी टाकी भरली असती. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो वजन. ते घेऊन मी हमरस्त्यावर ताशी शंभरच्या वेगानं जाणार होतो. आत्ताच तुटलेल्या आणि आता तुटणाऱ्या पट्टीवर विसंबून.

अण्णा कडेला स्टुलावर विजेरी धरून बसले होते. त्यांनी सगळं बघितलं. 'मी सांगितलं होतं' असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "हे रस्त्यात सुटलं असतं, तर मागून येणाऱ्याचं काय झालं असतं रे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मागून येणाऱ्याचा विचारच मी केला नव्हता. मी विचार करत होतो तो शनिवारचा.

त्यानंतर कामाची सूत्रं अण्णांकडे गेली, ती कुणी न देताच. ते म्हणाले, नवं लावण्याआधी पाणी कुठून आलं ते शोधलं पाहिजे. कोकणातल्या कौलारू घरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आगोटीच्या आधी कौलं परतताना अण्णा नेहमी सांगत, की जिथे टिपकतं तिथे कधी फुटलेलं नसतं. पाणी वर कुठेतरी शिरतं, वाशावरून चालत जातं आणि त्याला खाली यायला सोपं होईल तिथे पडतं. ट्रेलरचंही तसंच. पाणी साठलं होतं मधोमध, पण तिथे वर काहीच नव्हतं, ना नळ ना पाइपचा सांधा.

मग आम्ही बागेतली नळी घेतली. पत्नी शिडीवर, मी खाली विजेरी घेऊन. सुरुवात खालून करायची. आधी खिडकीच्या खालच्या कडेवर दहा मिनिटं पाणी, मग खिडकीच्या वरच्या कडेवर, मग भिंतीच्या सांध्यावर, शेवटी छपरावर. एकदम छपरावर पाणी सोडलं तर ते सगळीकडूनच ओघळतं आणि काही कळत नाही. पाऊण तासानं मागच्या कोपऱ्यात, छपराचा आणि भिंतीचा जिथे सांधा होता तिथे, पाणी सोडल्यावर खाली सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर एक थेंब उमटला. मग दुसरा. ते थेंब पट्टीवरून सरकत सरकत मधोमध आले. छपराच्या सांध्यातलं लुकण उन्हानं तडकलं होतं. बोटभर भेग. तेवढ्यावर न्हाणीजवळची तीन फूट जमीन कुजली होती. पेचकस खुपसला तर भिजलेल्या बिस्किटासारखी आत जात होती.

एका शनिवारचं काम सात आठवडे चाललं. छपराचा सांधा खरवडून नवं लुकण भरलं. कुजलेलं प्लायवूड कापून काढलं, नवं बसवलं. टाकी पूर्ण बाहेर काढून, जवळपास प्लॅस्टिक किंवा गॅस राहणार नाही असं बघून, एका वेल्डरकडून नव्या पट्ट्या बसवून घेतल्या. सांगाड्याचा गंज तारेच्या ब्रशनं घासून रंग दिला. पुन्हा ग्लासवूल भरलं नाही, कारण ते पाणी शोषून धरतं. त्याऐवजी ताठ फोमच्या लाद्या मापात कापून बसवल्या. पाइपांभोवतीच्या फटींत तांब्याची जाळी कोंबून वर फोम मारला. नुसता फोम उंदीर कुरतडतो आणि लोखंडी जाळी गंजते.

शेवटी आले ते पत्रे. इथे एक बारकावा आहे. मी पुढून लावायला निघालो होतो. अण्णांनी विचारलं, "वारा कुठून येणार?" मी म्हणालो, "पुढून." "मग मागून सुरुवात कर. कौलं कशी लावतो? वळचणीकडून आढ्याकडे. वरचं कौल खालच्यावर चढतं म्हणून पाणी आत जात नाही. इथे वाऱ्याचं पाणी समज." आणि ते अगदी बरोबर होतं. मागून पुढे येत लावलं की प्रत्येक पुढचा पत्रा मागच्याची कड खालून झाकतो, सांधा मागच्या बाजूला उघडा राहतो आणि वारा त्यावरून निसटून जातो. उलट लावलं तर वारा फटीत घुसतो आणि पत्रा सोलून काढतो. शेजाऱ्यांना मी हे इंग्रजीत समजावलं. त्यांनी अण्णांकडे बघून टोपी काढली.

स्क्रू दर फुटावर, रुंद वायसर घालून. भोकं स्क्रूपेक्षा किंचित मोठी, कारण हे प्लॅस्टिक उन्हात पसरतं. फार आवळलं तर फुगे येतात. प्रत्येक स्क्रू मारण्याआधी त्यामागे गॅसची नळी किंवा ब्रेकची तार नाही ना, हे बघायचं. मुलीनं स्क्रू मोजायचं काम घेतलं होतं. दीडशेच्या वर गेल्यावर तिनं मोजणं सोडून दिलं. टाकीच्या आणि झडपांच्या खाली वेगळे तुकडे लावले, म्हणजे पुढे काही झालं तर चार स्क्रू काढून हात घालता यावा.

माझी इच्छा होती की पोट इतकं घट्ट बंद करावं की थेंब शिरू नये. त्यावर अण्णांचं मत वेगळं होतं. ते म्हणाले, "आत पाणी येणारच नाही असं घर मी बघितलेलं नाही. आलेलं दिसेल आणि जाईल, एवढी सोय ठेव." म्हणून प्रत्येक पत्र्याच्या सगळ्यात खालच्या जागी लहान भोकं पाडली आणि आतून बारीक जाळी लावली. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. दोन वर्षांनी, २०१४ च्या वसंतात, त्यातल्या एका भोकातून टिपकताना दिसलं. न्हाणीखालचा एक सांधा थंडीत तडकला होता. चार स्क्रू काढले, सांधा बदलला, पुन्हा लावले. अर्ध्या तासाचं काम.

ऑगस्टअखेर आम्ही निघालो. अण्णांचं परतीचं तिकीट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं होतं. महिनाभर फिरायचं ठरवलं होतं, हातात राहिल्या दोन रात्री. मिशिगन सरोवराच्या काठी लडिंग्टन नावाचं ठिकाण आहे, तिथे गेलो. समोर समुद्रासारखं पाणी, पण खारं नाही, याचं अण्णांना फार नवल वाटलं. ओंजळीत घेऊन चव घेऊन बघितली त्यांनी. रात्री ट्रेलरच्या पायरीवर बसून मी त्यांना म्हणालो, "अण्णा, तुमचा सगळा वेळ ह्याच्या खाली गेला. फिरणं राहिलंच." ते म्हणाले, "अरे, घरी असतो तर कौलंच परतत असतो की. इथे तुझ्याबरोबर परतली." त्या दिवशी मी जे तोडून बोललो होतो, त्याबद्दल क्षमा मागायची होती. शब्द जुळले नाहीत. पण त्यांना ते पोचलं असावं.

आता मी पुण्यात असतो. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, आणि आपल्याकडेही अशी चाकांवरची घरं दिसू लागली आहेत. कुणी भाड्यानं घेईल, कुणी जुनं विकत घेईल. त्यांना माझी एकच विनंती आहे. पडदे आणि गाद्या बघाच, पण विजेरी घेऊन एकदा खालूनही बघा. कुठे फुगवटा आहे का, ठिगळावर ठिगळ आहे का, कुजका वास येतो का. असलं, तर त्यावर नवं झाकण घालू नका. आधी ते उघडा, कुठून आलं ते शोधा, आणि मगच झाका.

मी स्वतः हे शिकलो ते उशिरा, आणि ज्यांना 'तुम्हाला इथलं नाही कळायचं' म्हणालो होतो, त्यांच्याकडून. अण्णा २०१९ साली गेले. तोवर दर मे महिन्यात फोन आला, की ख्यालीखुशालीच्या आधी ते विचारायचे, "खालून बघितलंस का रे यंदा?" तो ट्रेलर मी इकडे येताना एका तरुण जोडप्याला विकला. पैसे घेण्याआधी त्यांना चटई अंथरून खाली झोपवलं, हातात विजेरी दिली आणि कोणते चार स्क्रू काढायचे ते दाखवलं.